दगडफूल, खोकला आणि आजी

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

सबमिशनच्या आठवड्यात मला जबरदस्त खोकला झाला. रूममध्ये कुणालाच झोप नाही. शेवटी वैतागून रूम-पार्टनरने तिच्या मामाने जर्मनीहून आणलेल्या गोळ्या पुढे केल्या. पाकिटावर लिहिलेलं, ‘आइसलँड मॉस’. मॉस म्हणजे शेवाळ ना? ते चघळायचं? पण घशाला खरंच आराम पडला, आणि मी जर्नल्स बाजूला टाकून त्याच्याबद्दलच वाचत बसले.

तर ते शेवाळ नाहीच. ते लायकेन, म्हणजे आपल्या दगडफुलाच्या जातीतलं. बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. बुरशी घर देते, शैवाल उन्हावर स्वयंपाक करते. (आमच्या रूममध्ये दोघी बुरशीच आहेत.) याचं शास्त्रीय नाव सेट्रारिया इस्लँडिका. उत्तर ध्रुवाकडच्या उजाड माळांवर आणि आल्प्ससारख्या उंच डोंगरांवर ते जमिनीलगत वाढतं, तपकिरी आणि काटेरी कडांचं. आइसलँडचे लोक उन्हाळ्यात डोंगरात जाऊन ते गोळा करत, दुधात शिजवून खात, धान्य कमी पडलं की पावाच्या पिठात मिसळत. चव कडू. उत्तरेकडे काही ठिकाणी तो कडूपणा काढायला राखेच्या पाण्यात भिजवत. उकळलं की त्यातून लायकेनिन नावाचा पदार्थ सुटतो, गार झाल्यावर त्याची जेली होते. तोच बुळबुळीत थर घशावर बसतो आणि कोरडी ढास थांबते. एवढंच त्याचं औषध.

हे सगळं मी उत्साहाने आजीला फोनवर सांगितलं. लहानपणी गोड्या मसाल्याच्या सामानातलं दगडफूल मी ‘कचरा पडलाय’ म्हणून वेचून फेकलं होतं, ते तिला अजून आठवतं. ती हसली, आणि हसता हसता खोकायला लागली. थांबेचना.

“आजी, कधीपासून गं?”

“झाला असेल महिना. ज्येष्ठमध चघळते ना, बरं वाटतं.”

मी गप्पच झाले. कारण त्याच दिवशी वाचलं होतं की युरोपात पूर्वी क्षयरोग्यांना हेच लायकेन देत. खोकला शमायचा, आजार मात्र आत तसाच. क्षयाच्या जंतूंना मारणारं स्ट्रेप्टोमायसिन सापडलं ते 1943 साली. आणि आपल्याकडे तर दवाखान्यात पाटीच असते, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. ती पाटी मी हजारदा बघितली असेल.

लगेच बाबांना फोन केला. “इंजिनिअरिंगला आहेस की मेडिकलला?” म्हणाले. दोन दिवस भांडले. गुरुवारी ते तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. रिपोर्ट सोमवारी येणार.

आजीचा निरोप आहे, शनिवारी येताना त्या आइसलँडच्या गोळ्या उरल्या असतील तर घेऊन ये. चार उरल्यात. रूम-पार्टनर म्हणाली, सगळ्या ने.