शीआनचा हलाल दस्तरखान

चीनला जायचे ठरले की आपल्या घरात पहिला प्रश्न निघतो तो खाण्याचा. मग बॅगेत बिस्किटे, लोणचे आणि चिवडा भरला जातो. शीआन शहरात मात्र हा शिधा उघडण्याची गरज भासत नाही.

रेशीम मार्गाच्या पूर्व टोकावरच्या या जुन्या राजधानीत चिनी भाषा बोलणारे हुई मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या राहतात. १३८० साली बांधलेल्या नगारा मनोऱ्यामागे त्यांचा मोहल्ला सुरू होतो. निखाऱ्यावरचे जिऱ्याचा वास सुटलेले कबाब, पिकलेल्या पर्सिमॉन फळाच्या तळलेल्या गोड टिक्क्या, हाताने ओढून केलेल्या नूडल्स, काय काय खावे! आपल्या गाडीवरचे मंचुरियन मात्र इथे शोधू नये. त्याचा जन्म मुंबईतला.

इथली खरी शान म्हणजे यांगरौ पाओमो. तुमच्यासमोर रिकामा वाडगा आणि जाड, घट्ट रोटी येते. ती आपणच सोयाबीनच्या दाण्याएवढी बारीक कुस्करायची. घरातली सगळी मंडळी गप्पा मारत तुकडे करत बसतात. मग वाडगा भटारखान्यात जातो आणि मटणाच्या शोरब्यात शिजून, मटणाचे तुकडे व शेवया घेऊन परत येतो. सोबत गोडसर मुरवलेला लसूण आणि मिरचीची चटणी. शोरब्यात भिजलेली ही रोटी खाताना अरबांच्या सरीदची आठवण होते.

मोहल्ल्याबाहेर मात्र सावध राहावे. चिनी भाषेत नुसते ‘रौ’ म्हटले की बहुधा डुकराचे मांस समजतात. ‘यांगरौ’ म्हणजे मेंढी-बकऱ्याचे, ‘न्यूरौ’ म्हणजे गाई-बैलाचे. भाजीची डिश मागवली तरी ती चरबीत परतलेली किंवा मद्य घातलेली असू शकते. हलालसाठी तिथला शब्द आहे ‘छिंगचन’, म्हणजे शुद्ध आणि सत्य. मशिदीलाही याच शब्दावरून ‘छिंगचन स’ म्हणतात. अलीकडच्या वर्षांत चीनमधल्या काही ठिकाणी हॉटेलांच्या पाट्यांवरून अरबी अक्षरे हटवली गेली आहेत. म्हणून या शब्दाची चिनी अक्षरे मोबाइलमध्ये जपून ठेवावीत आणि तरीही विचारून खात्री करावी.

जेवणानंतर जवळच्या गल्लीतल्या मोठ्या मशिदीत जावे. तिच्या आजच्या वास्तूची उभारणी १३९२ सालची. ना घुमट, ना आपल्यासारखा मिनार. उतरती चिनी छपरे, लाकडी कमानी, झाडांनी भरलेली अंगणे. बहुतेक चिनी मंदिरे दक्षिणेकडे तोंड करून असतात. ही वास्तू मात्र पश्चिमेकडे, किबल्याच्या रोखाने पसरली आहे. बिगरमुस्लिम पर्यटकांना नमाजच्या दालनाबाहेरच थांबावे लागते. आपल्याला आत सफेत उभे राहता येते.

भाषा चिनी, छप्पर चिनी, वाडगाही चिनी. तरी त्या वाडग्यात काय पडावे, याची काळजी या लोकांनी शेकडो वर्षे घेतली. परक्या मुलुखात आलेल्या पाहुण्याला आज निर्धास्तपणे घास घेता येतो, तो त्यांच्या या चिकाटीमुळेच.