श्रावण लागण्याआधी

१२ जुलै २०२५, शनिवार
फ्रेंच टोस्टचा पहिला प्रयत्न फसला. ताज्या ब्रेडच्या पातळ स्लाइस दुधात घातल्या, उचलेपर्यंत लगदा. कोको वरच तरंगत राहिला. लेकीने तरी चमच्याने खाल्लं.
श्रावण २५ला लागतो. मग महिनाभर घरात अंडं नाही. तिचं बंगळूरचं तिकीट २६चं.

१३ जुलै
कोकोचं उमगलं. एक मोठा चमचा कोको, दीड चमचा साखर, आधी कोरडंच कालवायचं. मग दोन चमचे कढत दूध घालून घोटायचं, चकचकीत होईपर्यंत. त्यात हळूहळू अर्धी वाटी गार दूध, शेवटी दोन अंडी. गाळून घेतलं. एक गुठळी नाही.
आमच्याकडे फ्रेंच टोस्ट म्हणजे हिरवी मिरची, कोथिंबीर, चिमूटभर हळद. हिला चॉकलेटचाच हवा, कॉलेजजवळच्या कॅफेत खायची तसा.

१४ जुलै
सोमवार. आईंचा उपास.

१६ जुलै
बेकरीतून न कापलेला मिल्क ब्रेड आणला. इंचभर जाड कापला, रात्रभर जाळीवर उघडा ठेवला. सकाळी हाताला ओलसरच. या हवेत पापड सादळतात, ब्रेड कसला सुकतोय. मंद तव्यावर कोराच शेकला, दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिनिटं. मग भिजवला. दूध पोटभर प्यायला, पण मोडला नाही.
फ्रेंचमध्ये याचं नाव 'पॅं पेर्द्यू', हरवलेला पाव. शिळा झाला म्हणून हातचा गेलेला. आपिकियुसच्या नावावर असलेल्या जुन्या रोमन पाकपुस्तकातही दुधात भिजवून तळलेला पाव आहे, वरून मध. इतक्या लोकांनी इतकी वर्षं शिळा पाव राखला. मला हे फार आवडलं.

१८ जुलै
करपला. वास आधी आला, डोळ्यांना कळलंच नाही. मिश्रणच काळपट, भाजल्याचा रंग दिसणार कुठून? त्यात कोको आणि साखर दोन्ही जळायला उतावीळ. नुसतं लोणी नको, थोडं तेल मिसळायचं. आच बारीक, वर झाकण. उलटल्यावर मधोमध बोटाने दाबायचं. खड्डा भरून वर आला की आतलं अंडं शिजलं.
रात्री ती स्वेटर काढत होती. तिकडे लागेल का, विचारलं. लागेल म्हटलं.

२० जुलै, रविवार
स्लाइसला खिसा पाडला. ५५ टक्के कोकोचं डार्क चॉकलेट किसून भरलं. सुरी पार पलीकडे गेली, सगळं तव्यावर सांडलं. तीन कडा शाबूत राहायला हव्यात. दुसरा जमला. कापल्यावर आतून चॉकलेट सावकाश ओघळलं.
पण चव सपाट. काय कमी आहे?
आई दारात उभ्या होत्या. अंड्याचा वास त्यांना सोसत नाही, तरी उभ्या. म्हणाल्या, "मीठ घातलंस का? आपण खिरीत घालतो की कणभर."
घातलं. तेच कमी होतं.

२१ जुलै
एकादशी.

२२ जुलै
बॅगेचं वजन केलं. दोन किलो जास्त. मेतकूट बाहेर काढलं. रात्री परत आत ठेवलं, एक जीन्स काढली.

२३ जुलै, बुधवार
उद्या अवस, त्यात आईंचा गुरुवार. म्हणजे आजचाच दिवस.
सहाला उठले. ब्रेड शेकला, कोको घोटला, मीठ विसरले नाही. तवा तापू दिला नाही, नुसता कोमट होताच लोणी सोडलं. चार टोस्ट, सोळा मिनिटं तव्यापासून हलले नाही. वर बिनसाखरेची साय.
ती बोलली नाही. दोन खाल्ले. बशी बोटाने निपटली. बाबांच्या बशीतला अर्धा उचलला, त्यांनी बशीच तिच्याकडे सरकवली.
आणखी आहे का, विचारलं. ब्रेड संपला होता.

२४ जुलै
दिव्यांची अवस. आईंनी समया घासायला काढल्या. मी अंड्याचा तवा घासून माळ्यावर ठेवला.

२६ जुलै
गेली. पाऊस होता.

२७ जुलै
फ्रीजमध्ये अर्धं चॉकलेट उरलंय. तसंच राहू दे.

३ ऑगस्ट, रविवार
सकाळीच फोन. लगदा झाला म्हणाली. ब्रेड शेकला होतास का, विचारलं. नाही. मग सगळं पहिल्यापासून सांगितलं, तिने लिहून घेतलं.
आई शेजारी जप करत होत्या. माळ थांबवून म्हणाल्या, "मीठ सांग तिला."