अंकांचा साज

आईच्या गळ्यातल्या कोल्हापुरी साजाचा दोरा विरला होता, म्हणून गाठवून घ्यायला गुजरीत, इथल्या सराफ बाजारात गेलो. कारागिरानं पानं सोडवून कापडावर मांडली. एकवीस. मधलं एक बाजूला ठेवलं आणि उरलेली दहा-दहा दोन्हीकडे लावत गेला. एक इकडे, एक तिकडे. त्याच्या बोटांकडे बघता बघता मला एक संख्या आठवली : १२३४५६५४३२१. बाराशे चौतीस कोटी छप्पन्न लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस.

इ. स. ८५०च्या सुमारास महावीराचार्यांनी लिहिलेल्या ‘गणितसारसंग्रहा’त ती भेटते. एकापासून सहापर्यंत चढणारी आणि त्याच पायऱ्यांनी उतरणारी, अशी तिची ओळख ते करून देतात. दोन्हीकडून सारख्याच वाचल्या जाणाऱ्या काही गुणाकारांना तर त्यांनी कंठाभरणच म्हटलंय. ग्रंथाच्या आरंभी ते राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचा गौरव करतात. प्रजेवरचं संकट टळावं म्हणून या राजानं महालक्ष्मीला आपलं डावं बोट वाहिलं, असं ८७१च्या संजान ताम्रपटात कोरलेलं आहे. ती महालक्ष्मी कोल्हापूरची, असं अभ्यासक मानतात. म्हणजे आमची अंबाबाई. गुजरीपासून हाकेच्या अंतरावरची.

अंकांचा हा साज घडतो तो नुसत्या एकांतून. सहा एके शेजारी मांडायचे, ११११११, आणि त्या संख्येला तिनंच गुणायचं. गुणाकाराची प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. कडेच्या घरात एकच एक पडतो, शेजारच्या घरात दोन, मध्यावर सहाच्या सहा, आणि तिथून पुन्हा ओहोटी. हातचा कुठंच येत नाही. लहानपणी हा गुणाकार पहिल्यांदा केला तेव्हा मी तो तीनदा पडताळून पाहिला होता. इतकं देखणं उत्तर बरोबर असेल, यावर विश्वासच बसेना.

११११११चे मूळ अवयव ३, ७, ११, १३ आणि ३७. तीन साते एकवीस! एकवीसनं तिला निःशेष भाग जातो, आणि तिच्या वर्गाला तर लागोपाठ दोनदा. योगायोगच हा. तरी कापडावरची पानं मी पुन्हा एकदा मोजली.

विसाव्या शतकात देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर याच चढ-उताराच्या नादी लागले. तेव्हा डेम्लो म्हटल्या जाणाऱ्या डोंबिवली स्टेशनावर सुचल्या म्हणून अशा संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ म्हटलं. नऊ एकांपर्यंत डौल टिकतो : १२३४५६७८९८७६५४३२१. दहावा एक आला की मधल्या घरात दहा साठतात, हातचा सुटतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ हाती येतं. चढणीवरचा आठ नाहीसा, शिखराच्या जागी दोन शून्यं. मला ही मोडलेली माळही तितकीच प्रिय आहे. हातचा किती लांबवर पोचतो, ते तिच्यातच दिसतं.

घरी आल्यावर आईनं साज गळ्यात घातला. आरशाकडे गेली नाही. बोटांनीच मधलं पान चाचपलं, किंचित डावीकडे सरकवलं.