काळ्या खडूची रेघ

मी सातवीत होतो, साल १९८८. शाळा आंबेगाव तालुक्यातली, सहल लेण्याद्रीची. परत आल्यावर चित्राला विषय मिळाला, 'पाहिलेले ठिकाण'. तेलखडूंची पेटी आत्याने मंचरहून आणलेली. निवडलेली चित्रं तालुक्याच्या स्पर्धेला जाणार होती.

मी कडा पिवळा रंगवला. पायऱ्यांवरून वर पाहिलं तेव्हा तो तसाच दिसला होता. लेण्याद्रीची लेणी दक्षिणेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे हिवाळ्यात ऊन दिवसभर कातळाच्या अंगावर असतं. लेण्यांची दारं मी जांभळ्याने घासून घासून भरली. हे का सुचलं ते तेव्हा सांगता आलं नसतं.

सर मागे येऊन उभे राहिले.

"हे काय रे? दगड पिवळा?"

"ऊन होतं सर."

"ऊन असो नाहीतर पाऊस, आपल्याकडचा दगड काळाच असतो."

त्यांनी माझ्या पेटीतला काळा उचलला, त्याच्यावरचा कागद नखाने सोलला, खडू आडवा धरला आणि कड्यावरून फिरवला. एकदा नाही, चार-पाचदा. तेलखडूत पिवळ्यावर काळा चढला की दोन्ही मिसळून शेवाळासारखा हिरवट रंग होतो, आणि तो परत उतरत नाही. मग खडूच्या टोकाने त्यांनी पायऱ्यांना, माणसांना, एवढंच काय, ढगालाही जाड काळी रेघ काढली. "आता उठाव आला बघ," म्हणाले. खडूचा चुरा कागदावर पडला होता. त्यांनी तो हाताने झटकला आणि माझ्या आभाळावर तिरपा काळा फराटा उमटला. घरी येऊन मी अर्ध्या ब्लेडने खरवडत बसलो. रंग निघाला नाही, कागदाची लव मात्र निघाली.

दोन दिवसांनी निवड झाली. सरांनी माझं चित्र वर्गासमोर धरलं. म्हणाले, "हे बघा, याने फार काळपट करून टाकलंय." चित्र बाजूला गेलं. काळपट कुणी केलं, हे विचारायला मी उभा राहिलो नाही. शेजारच्या पोराने सगळं पाहिलं होतं, तोही बोलला नाही. आज पन्नाशी गाठली, तरी ते वाक्य आठवलं की कानशिलं गरम होतात. सर दुष्ट नव्हते. माझ्याकडे ब्रश नव्हता तेव्हा त्यांनी स्वतःचा दिला होता. पण म्हणून ते वाक्य विसरता येत नाही.

चाळिशीनंतर मी पुन्हा खडू हातात घेतले, या वेळी कोरडे, सॉफ्ट पेस्टल. जलरंगात पाणी वाढवलं की रंग फिका होतो. पेस्टलमध्ये ती सोय नाही. प्रत्येक कांडी आपला उजळपणा किंवा गडदपणा सोबत घेऊनच येते, तो ओळखून कांडी उचलावी लागते. मन्सेल या अमेरिकन चित्रकाराने १९०५ मध्ये रंगाचे तीन गुण वेगळे करून मांडले: रंग कोणता, तो किती उजळ वा गडद, आणि त्याचं तेज किती. उजळ-गडदपणाची त्याची शिडी शून्यापासून, म्हणजे काळ्यापासून, दहापर्यंत, म्हणजे पांढऱ्यापर्यंत चढते. हे वाचलं त्या रात्री मी पेटी जमिनीवर ओतली आणि लाल-निळा-हिरवा हे वर्ग मोडून कांड्या पाच ओळींत लावल्या, उजळ ते गडद. पिवळ्या सगळ्या वर गेल्या, जांभळ्या बहुतेक खाली. शुद्ध रंगांत पिवळा सर्वांत उजळ, जांभळा सर्वांत गडद. पिवळा गडद करायला जावं तर तो पिवळा राहतच नाही. म्हणजे सातवीतल्या पोराने ऊन आणि अंधार यांच्यासाठी पेटीतली नेमकी दोन टोकं उचलली होती! मी त्या ओळींपुढे बराच वेळ बसून राहिलो.

रंग डोळ्यांना फार फसवतो. नारायणगावच्या बाजारात मी टोमॅटोच्या क्रेटचा फोटो काढला, त्यात एक-दोन हिरवी पानं अडकलेली. मोबाइलवर फोटोतला रंग काढून टाकला, तर टोमॅटो आणि पान जवळजवळ एकाच करड्या रंगाचे. लाल-हिरवा एवढा भडक विरोध, आणि छायेच्या हिशेबात फरक जवळपास नाहीच. म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं आहे की पोरांच्या हाती पंचवीस रंग देण्याआधी एक पेन्सिल द्या आणि पाच पायऱ्यांची शिडी काढून घ्या. पांढऱ्या कागदाऐवजी वहीला घालतात तो खाकी कागद द्या. पांढऱ्यावर प्रत्येक रंग आहे त्याहून गडद भासतो. खाकी मधल्या छायेचा असतो, त्यावर उजेडही लावावा लागतो आणि सावलीही. आणि डोळे किलकिले करून बघायला शिकवा. बारकावे विरघळतात, उरतात ते उजेडाचे आणि सावलीचे तुकडे.

गेल्या पौषात भाचीला घेऊन लेण्याद्रीला गेलो. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाला पंचने दोन भोकं पाडून नेली होती. एका लेण्याच्या ओसरीत, आत सावलीला, एक आजोबा पांढरंशुभ्र धोतर नेसून टेकले होते. बाहेर उन्हात कातळ. एका भोकात धोतर, एका भोकात कातळ असा कागद धरला. कातळ उजळ निघाला. काळा म्हणतात तो बेसॉल्ट उन्हात पांढऱ्या धोतराहून उजळ! भाचीने तीनदा बघितलं. मीही पुन्हा बघितलं, आणि छत्तीस-सदतीस वर्षांनी घसा दाटून आला.

ती चित्राला बसली तेव्हा मी तिच्या पेटीतला काळा काढून शर्टाच्या खिशात टाकला. हे मी नेहमीच करतो, काळा रंग चित्र मारतो असं सांगतो. तिने कडा छान उजळवला. मग हात थांबला.

"मामा, काळा दे ना."

"जांभळा लाव, गर्द निळा लाव."

"लावलाय. पुरत नाही. त्या दारात तसं नाहीये."

मी कागदाच्या भोकातून तिने दाखवलेलं दार पाहिलं. वरच्या अंगाला, जिथे बाहेरचा उजेड पोचतच नव्हता, तिथे जांभळं नव्हतं, निळंही नव्हतं. मी खिशातून खडू काढून दिला. तिने तो बोटाच्या पेराएवढ्या जागेत दाबून भरला, आणि शेजारच्या कातळाला हात न लावता त्याच्यावरचं ऊन वाढलं.

काळ्यावर इतकी वर्षं उगाच राग धरला, असं उतरताना वाटलं. पण कडा काळा नव्हता. ते सरांचं मी आजही ऐकणार नाही.