जात्याची घरघर

जात्यावरच्या ओव्या शिकवताना आम्ही दोघी गेली कित्येक वर्षे वर्गात एक ध्वनिमुद्रण ऐकवत आलो आहोत. आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंनी 1994 साली दळता दळता म्हटलेल्या ओव्या त्यांच्या थोरल्या मुलाने घरच्या टेपरेकॉर्डरवर भरून घेतल्या होत्या. गेल्या वर्षी एम.ए.च्या एका विद्यार्थ्याने विचारले, "मॅडम, आजी ओळीच्या मधेच का थांबतात? शब्द विसरतात का?"

आम्ही एकमेकींकडे पाहिले. त्या विसरत नव्हत्या, जात्यात वैरण घालत होत्या. एका हाताने खुंटा फिरता ठेवून दुसऱ्या हाताने मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडात सोडायची. तेवढ्यापुरती ओवी थांबायची. मागे जाते ऐकू येत असते तर हे कोणालाही उमगले असते. पण आमच्या प्रतीत जातेच नाही. ते आम्हीच पुसून टाकले आहे.

झाले असे की 2012 साली कॅसेटच्या पट्टीवर बुरशी दिसू लागली, म्हणून आम्ही ते मुद्रण संगणकावर उतरवून घेतले. त्यात खरखर फार होती. ती काढण्याची सोय संगणकात होती. नुसत्या खरखरीचा एक तुकडा निवडून द्यायचा. त्यातल्या स्वरलहरींचा नमुना घेऊन यंत्र तेवढा भाग सगळ्या मुद्रणातून वजा करते. आम्ही पहिल्या ओवीच्या आधीचा तुकडा दिला. त्यात टेपची खरखर होती, तशी जात्याची घरघरही होती. यंत्राच्या लेखी दोन्ही एकच: सतत चालणारा, शब्द नसलेला आवाज. सासूबाईंचा गळा लख्ख ऐकू आला आणि आम्ही हरखून गेलो. आधीची फाईल जागा अडवते म्हणून काढून टाकली. कॅसेट पुढे घर आवरताना गेली.

पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांच्या हातून हे व्हावे, याचे शल्य अधिक आहे. दोन पाठांपैकी अवघड पाठ सहसा मूळचा मानावा, कारण नकलाकाराचा कल अवघडाचे सोपे करण्याकडे असतो, हे आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो. जुन्या पोथ्यांच्या अखेरीस नकलाकार विनवतो की जसे पाहिले तसे लिहिले, शुद्धाशुद्धाचा दोष मला देऊ नये. या विनवणीला आम्ही आजवर हात झटकणे समजत होतो. आता वाटते, ती त्याच्या कामाची मर्यादा होती आणि शिस्तही. काय राखावे, काय गाळावे हे ठरवण्याचा अधिकार तो स्वतःकडे घेत नव्हता. शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली खरी. पण नाथांपुढे पाठभेद होते. आमच्यापुढे एकच प्रत होती आणि तीही आम्ही राखली नाही.

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमल्या. तेथे ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गावही नोंदले आहे. ओवी म्हणजे नुसते शब्द नव्हेत, ही जाण त्यामागे आहे. आम्ही मात्र शब्द स्वच्छ करण्याच्या भरात त्यांना चाल देणारा दगडच बाजूला काढला.

त्या विद्यार्थ्याने एक उपाय सुचवला. सासूबाईंचे जाते अजून परसात आहे. ते फिरवून आवाज भरून घ्यावा आणि ओव्यांखाली जोडावा. क्षणभर मोह झाला. मग नको म्हटले. जाते तेच असेल, पण हात त्यांचा नसेल, आणि वैरण पडण्याच्या जागा आम्ही अंदाजाने ठरवू. गाळण्याच्या चुकीवर घालण्याची चूक चढेल.

आता ओव्या ऐकवण्याआधी आम्ही ते थांबे कुठे आहेत आणि कशाचे आहेत ते सांगतो. आमच्या आठवणीखेरीज त्याला पुरावा नाही, हेही सांगतो. विभागाच्या नोंदवहीत त्या मुद्रणापुढे पूर्वी आम्ही अभिमानाने 'शुद्ध प्रत' असे लिहिले होते. ते खोडलेले नाही. त्याखाली लिहिले आहे: 'जाते आम्ही काढले.'