शिफारस कारणासह हवी

रत्नागिरी

चि. मनू,



या आठवड्यात काय वाचू, काय ऐकू आणि काय बघू, असं तू विचारलं आहेस. तीन नावं एका ओळीत कळवता आली असती, पण नुसत्या नावांचा फारसा उपयोग होत नाही, असं माझं ठाम मत आहे. शिफारस करताना ती कुणाला करतोय तो माणूस डोळ्यांसमोर हवा आणि आपल्या पसंतीची कारणं उघड सांगायला हवीत. कारण कळलं की समोरच्याला ते तपासता येतं, पटलं नाही तर नाकारताही येतं. नुसतं नाव मात्र मानायचं किंवा विसरायचं, एवढंच हातात राहतं.

म्हणून वाचायला पत्रंच सुचवते. सुनीता देशपांडे यांचं ‘प्रिय जी. ए.’ आणि जोडीला जी. ए. कुलकर्णी यांच्या निवडक पत्रांचा पहिला खंड. सुनीताबाई आपल्या रत्नागिरीच्या. 1946 साली पु. ल. देशपांडे यांच्याशी त्यांचं लग्नही इथेच झालं. जी. ए. धारवाडला इंग्रजी शिकवत. पुस्तकं, लेखक, कविता यांविषयी हे दोघं एकमेकांना जे लिहितात, त्यात आवडीमागची कारणं असतात, आग्रह असतात आणि मतभेदालाही जागा असते. त्यामुळे पुस्तकाबरोबर ते वाचणारा माणूसही कळत जातो. तुला हे मुद्दाम सांगते, कारण जी. एं.च्या ‘काजळमाया’तल्या कथा तुला फार काळोख्या वाटतात. पत्रांतला उत्सुक, भरभरून बोलणारा वाचक भेटला की त्या कथांकडे तू पुन्हा वळशील, असं मला वाटतं.

ऐकण्यासाठी ‘संगीत मत्स्यगंधा’ची पदं घे. वसंत कानेटकरांचं हे नाटक 1964 सालचं, संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं. जुन्या नाट्यपदांत तानांच्या गर्दीत शब्द हरवतात, ही तुझी तक्रार. अभिषेकींनी पद आटोपशीर ठेवलं, शब्दाला आणि प्रसंगाला मान दिला. रामदास कामत आणि आशालता यांच्या गाण्यात ते स्पष्ट ऐकू येतं. नाट्यसंगीताची गोडी लागायला तुझ्यासाठी हीच वाट सोपी. बघण्यासाठी ‘रात्रीस खेळ चाले’चं 2016 सालचं पहिलं पर्व सुचवते, पण एका अटीवर. सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झालेल्या या मालिकेत वाडा, भाऊबंदकी आणि जमिनीचा वाद आहे. मालवणी बोली रोज घराघरांत पोचली, हे तिचं बळ. मात्र तिच्यामुळे अंधश्रद्धा पसरते, कोकणाची बदनामी होते, असा आक्षेप तेव्हा कोकणातूनच घेतला गेला. मला तो बऱ्याच अंशी पटतो. तेव्हा माणसांची गोष्ट म्हणून ती बघ. भुताखेतांना कोकणाची ओळख मानू नकोस. शिफारशीत उणीव लपवली तर ती जाहिरात होते.

तू म्हणशील, मोबाइलवरच्या अॅपला माझी आवड आत्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. काल काय बघितलं हे त्याला नेमकं ठाऊक असतं, हे खरंच. पण कालच्या आवडीवरून उद्याचं सुचवलं की आवड त्याच वाटेवर फिरत राहते, आणि तेच का सुचवलं हे विचारायची सोय नसते. काळोख्या कथा तुला आवडत नाहीत हे ठाऊक असूनही त्यांच्याच लेखकाची पत्रं सुचवायला तुझी पुढची वाढ अपेक्षिणारं कुणीतरी लागतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ओळखीतल्या शिफारशींनी कंपू तयार होतात आणि कंपूबाहेरचं चांगलं लेखन दुर्लक्षित राहतं. हा धोका मी मान्य करते. म्हणूनच सार्वजनिक निवडीही हव्यात. ‘ललित’ मासिकाने ‘चोखंदळ वाचकांची निवड’ छापून ते काम केलं. म्हणूनच सार्वजनिक ग्रंथालयंही हवीत. आपलं नगर वाचनालय 1828 सालचं, म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’हूनही चार वर्षांनी जुनं. तिथल्या कपाटांसमोर कुठल्याही कंपूतला वाचक उभा राहू शकतो. पण यादी आणि कपाट पुस्तक दाखवतात. ते तूच का वाचावंस, हे तुला ओळखणाऱ्या माणसालाच सांगता येतं. दोन्हींची गरज आहे आणि दुसऱ्या गोष्टीची आज जास्त टंचाई आहे.

तेव्हा तिन्ही गोष्टी आवडल्याच पाहिजेत असा आग्रह नाही. जे पटलं नाही ते का पटलं नाही, हे मात्र सविस्तर लिही. आणि पुढच्या आठवड्यासाठी तुझ्याकडून मला एकच शिफारस पाठव, पण कारणासह.

तुझी,
आत्या