गुणांचा तक्ता

माझे भाईजान इंजिनिअर आहेत आणि भाभी परिचारिका आहेत. कॅनडात जाऊन स्थायिक व्हावे, असा त्या दोघांचा विचार आहे.

कॅनडाने १९६७ साली गुणपद्धत सुरू केली. अर्जदार कोणत्या देशाचा किंवा वंशाचा आहे हे न पाहता त्याचे शिक्षण, भाषा, वय आणि कामाचे कौशल्य यांना गुण मिळू लागले. ही गोष्ट मला न्यायाची वाटते. आता तेथे तिसाव्या वर्षापासून वयाचे गुण घटत जातात आणि ४५व्या वर्षी ते शून्य होतात. भाईजान ३६ वर्षांचे आहेत. म्हणून घरकाम आटोपल्यावर दोघेही रोज रात्री इंग्रजीचा अभ्यास करतात.

या अर्जात कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची मुले. आईवडिलांना त्यात जागा नसते. अम्मी म्हणतात, "मुलांनी पुढे जावे, एवढीच माझी इच्छा." पण अब्बांची औषधे वेळेवर देण्याचे काम आजवर भाईजानच करीत आले आहेत. ते काम मी आता त्यांच्याकडून शिकून घेत आहे. त्याला कोणत्याही तक्त्यात गुण नाहीत. पण घरात कोणाला तरी ते आलेच पाहिजे.